जेझेरो भरलं, आणि बाहेर सांडलं

मागच्या वेळी म्हटलं होतं तसं शेवटी कॉम्प्युटरवर जेझेरो पाण्याने भरायला घेतलं. मंगळावरचं ते ४५ किमीचं क्रेटर (विवर), कधीकाळी तळं असलेलं; नासाचं पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरलं ते. सीटीएक्स या मंगळाभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंवरून बनवलेला २० मीटर पिक्सेलचा डीईएम, म्हणजे उंचीचा नकाशा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि त्यातल्या रास्टर कॅल्क्युलेटरला सांगितलं, या उंचीखालचं सगळं निळं कर.

पहिल्यांदा हावरटपणा नडला. लेव्हल थेट उणे २३०० मीटरला (मंगळाच्या शून्य पातळीच्या तेवढी खाली) नेली तर निळा रंग पूर्वेच्या काठावरून सुटून पार बाहेर. अर्धा तास वाटत होतं डीईएमलाच भोक आहे, मग झूम केल्यावर ट्यूब पेटली, अरे हीच की प्लिव्हा व्हॅलिस, तळं तुडुंब भरल्यावर पाणी गेलं ती वाट! एकेक पायरी खाली आलो तर उणे २३९५ च्या आसपास पाणी आत थांबलं.

पण मग पश्चिमेचा डेल्टा, म्हणजे नदीने तोंडाशी टाकलेल्या गाळाचा पसारा, पाण्याखाली. नदी तळ्यात शिरली की वेग मरतो, गाळ पाण्याच्या पातळीला पसरतो, मग हा बुडालेला कसा? उत्तर कोडियाकमध्ये आहे, म्हणजे डेल्टापासून झिजून सुटी पडलेली ती टेकडी. रोव्हरने सव्वादोन किमीवरून काढलेल्या तिच्या फोटोवर मी रेघा मारत बसलो: खालचे थर सपाट, मधले तिरपे उतरते, वरचे परत सपाट. तिरपे संपून वरचे सपाट सुरू होतात तीच तेव्हाची पाण्याची रेघ, आणि ती ओव्हरफ्लोच्या वाटेपेक्षा जवळपास १०० मीटर खाली! म्हणजे हे थर साचत होते तेव्हा तळ्यातून पाणी बाहेर जातच नव्हतं, आलेलं आटत नाहीतर मुरत होतं. वरच्या थरांत मात्र दीड मीटरपर्यंतचे धोंडे आहेत, ते पुराशिवाय येत नाहीत.

आता नेरेट्व्हा व्हॅलिस, आत येणाऱ्या नदीचं खोरं. जुलै २०२४ मध्ये चेयावा फॉल्स हा ठिपक्यांचा दगड तिथेच सापडला. बारीक गाळाचा दगड, त्यात व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट असावीत असा अंदाज. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव अशी खनिजं बनवतात, पण जिवाशिवायही बनू शकतात, त्यामुळे एवढ्यात नाचायचं कारण नाही. मला खटकतंय ते वेगळंच, एवढा बारीक गाळ वाहत्या नदीच्या खोऱ्यात स्थिर कसा बसला? तळ्याचं पाणी मागे तिथवर चढलं होतं का, ते बघायला पुढच्या वेळी दहा-दहा मीटरच्या पायऱ्यांनी लेव्हल वर नेतोय.