पोटातला कॉम्प्युटर

नवीन कॉम्प्युटर आला की जुन्यातलं सामान हलवायचं काम निघतं, फोटो, फायली वगैरे, पण माझ्या सामानात एक अख्खा कॉम्प्युटरच होता. म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. माझ्या जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवरच चालतं, म्हणून ती सिस्टीम मी एका फोल्डरमध्ये सांभाळून ठेवलीय. 40 जीबीची एक फाईल, आणि आतल्या सिस्टीमला वाटतं ही हार्ड डिस्क आहे. फोल्डर कॉपी केला, स्टार्ट दाबलं, तर म्हणे व्हीटी-एक्स, म्हणजे व्हीएम चालवायला मदत करणारी प्रोसेसरमधली सोय, बंद आहे.

ही सोय इंटेलने 2005 मध्ये प्रोसेसरमध्ये आणली, पुढच्या वर्षी एएमडीनेही तशीच आणली. (एएमडीवाल्यांनी सेटिंगमध्ये एसव्हीएम नावाने शोधायची, नाहीतर तासभर जातो.) आतल्या सिस्टीमला प्रोसेसर आपल्याच मालकीचा वाटायला हवा आणि खरा ताबा मात्र बाहेरच्याकडे राहायला हवा, ही कसरत त्यामुळे सोपी होते. कल्पना त्याहून कितीतरी जुनी, आयबीएमने 1972 मध्येच मोठ्या मशीनवर हे विकायला काढलं होतं. आणि माझ्याकडे 2005 ची सोय आहे पण बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून पाठवलेली! बरं, नवा कॉम्प्युटर इतका चपळ की एफ 2 दाबायच्या आत लॉगिनचा पडदा हजर, चार वेळा हुकलं, शेवटी सेटिंगमधूनच रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरलो.

मग दुसरी कुरकुर. जुन्या कॉम्प्युटरवर मी व्हीएम बंद न करता नुसती झोपवली होती, सेव्ह्ड स्टेट म्हणतात ते, आणि वेगळ्या प्रोसेसरवर ती झोपेतून उठेना. स्टेट टाकून दिली, म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर खेचण्यासारखंच.

सुरू झाली एकदाची, पण काय ती चाल! माऊस हलवला की बाण थोड्या वेळाने निघायचा. मला वाटलं मेमरी कमी पडतेय, म्हणून 16 पैकी 12 जीबी तिला दिली, वर प्रोसेसरचे सगळे कोअरही देऊन टाकले, तर घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, आता बाहेरचा कॉम्प्युटरपण धापा टाकायला लागला. वैतागून व्हीएम सरळ पॉवर ऑफ केली. बाहेरच्याला पोटापुरतं ठेवायला हवं हे मला तोवर सुचलंच नव्हतं. 4 जीबी आणि दोन कोअरवर आलो, धापा थांबल्या, पण आतली चाल तीच.

मग व्हीएमच्या खिडकीत खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसलं. खरंच कासव. मला आधी वाटलं कुणीतरी गंमत म्हणून ठेवलंय, पण ती अधिकृत खूण निघाली: खाली आधीच दुसरा हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, बसलाय, आणि आपली व्हीएम त्याच्या कलाने चालतेय. हा दुसरा कोण? तर नवीन सिस्टीममधलं मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण, ते स्वतःच व्हर्च्युअलायझेशनवर उभं असतं. म्हणजे ज्याला मी घरमालक समजत होतो तोच भाडेकरू निघाला, आणि मी त्याच्याकडे पोटभाडेकरू ठेवायला निघालो होतो.

ते बंद केलं तरी कासव हलेना. फीचरच्या यादीतल्या 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म'समोरची टिकपण काढावी लागली, आणि नाव बघा, व्हर्च्युअल मशीन चालायला हवी तर हीच टिक काढायची! तिच्यावर चालणारं लिनक्स तेवढं बंद पडलं, ते मला चालण्यासारखं होतं. संरक्षण बंद ठेवणं मात्र मनाला पटत नाही, ते खोडसाळ ड्रायव्हरला आत शिरू देत नाही, त्यामुळे स्कॅनिंग झालं की परत चालू करतो, दर वेळी रीस्टार्ट करावा लागला तरी.

कासव गेलं. पडदा काळा झाला, आणि जुनी सिस्टीम उठल्या उठल्या तक्रार करायला लागली, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद केला नव्हता. घर बदललं, प्रोसेसर बदलला, मधे दोनदा वायर खेचली, तिला त्यातलं एवढंच कळलं होतं. मी 'नेहमीप्रमाणे सुरू करा' निवडलं आणि एंटर दाबलं.