त्राकाई: तळ्यातला किल्ला पुन्हा उभा राहिला त्याची गोष्ट

लिथुआनियाची राजधानी विल्नियस. तिथल्या बसस्थानकावरून त्राकाईला जाणाऱ्या बस दिवसभर सुटतात आणि साधारण अर्ध्या तासात गावात पोचवतात. किल्ला मात्र गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तिथपर्यंत चालतच जावं. गाव लांबट आहे, तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं, त्यामुळे घरांच्या मधल्या मोकळ्या जागांतून कधी डावीकडे, कधी उजवीकडे पाणी दिसत राहतं. रस्ता संपतो तिथे गाल्वे तळं सुरू होतं. या तळ्यात एकवीस बेटं आहेत, आणि त्यातल्या एका बेटावर लाल विटांचा तो किल्ला उभा आहे. एक लाकडी पूल छोट्या बेटावर नेतो, दुसरा थेट किल्ल्याच्या दारात.

पहिल्यांदा पाहताना तो इतका नीटनेटका दिसतो की मनात शंका येते. सहाशे वर्षांपूर्वीची वास्तू इतकी धडधाकट कशी? छप्परं शाबूत, बुरूज शाबूत, विटा जणू कालपरवा भट्टीतून निघालेल्या. शंका बरोबर आहे. डोळ्यांना दिसतं त्यातलं पुष्कळसं विसाव्या शतकात बांधलेलं आहे. काही प्रवासी हे कळलं की हिरमुसतात. माझं उलट झालं. किल्ला बांधला कसा, यापेक्षा तो परत उभा केला कसा, हीच मला त्याची अधिक मोठी गोष्ट वाटते. पण आधी जुनी गोष्ट सांगायला हवी.

चौदाव्या शतकात लिथुआनिया हा युरोपातला शेवटचा मोठा बिगर-ख्रिस्ती देश होता, आणि त्याला धर्मांतरित करण्याच्या नावाखाली ट्यूटॉनिक ऑर्डर या लढवय्या ख्रिस्ती पंथाचे जर्मन सरदार वर्षानुवर्षं त्यावर स्वाऱ्या करत होते. त्यांना तोंड देणाऱ्या ड्यूक केस्तुतिसने त्राकाईला आधी तळ्याकाठच्या भूशिरावर एक किल्ला बांधला आणि मग जवळच्या बेटावर दुसऱ्याचं काम काढलं. जागा कशी निवडली असेल हे पुलावर उभं राहिलं की कळतं. चहूबाजूंनी खोल पाणी, काठावर दाट झाडी, घोडदळाला पुढे सरकायला वावच नाही. हिवाळ्यात मात्र तळं गोठतं, मग पाण्याचं हे संरक्षण राहत नाही. म्हणून तट भक्कम हवेत. १३७७ मध्ये ऑर्डरच्या हल्ल्यात इथे मोठी पडझड झाली.

त्यानंतरचा घाला घरातूनच आला. केस्तुतिस आणि त्याचा पुतण्या योगाइला यांच्यात सत्तेवरून जुंपली. १३८२ मध्ये केस्तुतिस क्रेवाच्या किल्ल्यात कैदेत असताना मारला गेला. त्याचा मुलगा विताउतास निसटला आणि चुलतभावाविरुद्ध लढताना त्याने ज्यांच्याशी बापाने आयुष्यभर झुंज घेतली त्याच ऑर्डरची मदत घेतली. या काळात त्राकाईला दोन्ही बाजूंचे वेढे पडले. पुढे योगाइला पोलंडचा राजा झाला, १३९२ मध्ये भावाभावांचा तह झाला आणि लिथुआनियाचा कारभार विताउतासच्या हाती आला. त्याने बापाचा अर्धवट किल्ला पुरा करायला घेतला.

आज आत शिरल्यावर आधी पुढचा प्रशस्त चौक लागतो, त्याच्या कडेने तट आणि बुरूज. मग खंदक, त्यावर पूल, आणि पलीकडे खरा राजवाडा. त्याच्या दारावर पस्तीस मीटर उंचीचा मुख्य बुरूज आहे. त्याखालून आत गेलं की एकदम अरुंद, उंच भिंतींचा चौक येतो. वर पाहिलं की आकाशाचा एक चौकोन तेवढा दिसतो. भिंतींना लगटून लाकडी सज्जे फिरवलेले आहेत, जिने इतके चिंचोळे की समोरून कोणी आलं तर अंग चोरून थांबावं लागतं. पायथ्याला भल्याथोरल्या गोट्यांचं बांधकाम, वर लाल वीट. मी त्या चौकात बराच वेळ होतो. नोकरचाकर, पहारेकरी, दूत, सगळ्यांची ये-जा याच सज्ज्यांवरून झाली असणार, आणि इथला कुठलाही आवाज चारी भिंतींवर आपटून सगळ्यांना ऐकू जात असणार. राजवाड्यातलं जगणं किती उघडं होतं, हे तिथे कळतं. दक्षिणेकडच्या बाजूला दहा बाय एकवीस मीटरचं दरबारी दालन आहे.

दुसऱ्या टप्प्याच्या बांधकामावर ऑर्डरकडून आलेला राडिके नावाचा गवंडी होता, ही गोष्ट मला विलक्षण वाटली. तो तात्पुरत्या तहाचा काळ होता. १४०९ च्या सुमारास काम पुरं झालं आणि लगेच पुढच्या वर्षी, १५ जुलै १४१० ला, विताउतास आणि योगाइला यांच्या एकत्र सैन्याने ग्रुनवाल्डच्या मैदानात त्याच ऑर्डरचा कणा मोडला. त्यानंतर या तटांना लढायचं कामच उरलं नाही. किल्ला राजनिवास झाला, भिंतींवर चित्रं आली, परदेशी वकिलांचं स्वागत इथे होऊ लागलं.

विताउतासचं राज्य बाल्टिकपासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलं होतं, पण तो ‘राजा’ नव्हता, पदवीने महाड्यूकच राहिला. १४२९ मध्ये लुत्स्कच्या परिषदेत त्याला मुकुट द्यायचा प्रस्ताव पुढे आला. जर्मनी आणि हंगेरीचा राजा, लक्झेंबर्गचा सिगिसमुंड मुकुट पाठवणार होता. पोलंडच्या सरदारांना हे मान्य नव्हतं, त्यांनी वाटेतच दूतांना अडवलं. ऐंशीच्या घरातला विताउतास वाट पाहत राहिला आणि २७ ऑक्टोबर १४३० ला त्राकाईत वारला. मुकुट पोचलाच नाही. दहा वर्षांनी विताउतासच्या भावाचा (त्याचंही नाव सिगिसमुंडच) त्राकाईतच खून झाला. मग व्यापाराच्या वाटा बदलल्या, दरबार विल्नियसला स्थिरावला, किल्ल्यात सरदारांना कैदेत ठेवू लागले. १६५५ च्या सुमारास मॉस्कोच्या सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि पुढची दोनशे-अडीचशे वर्षं तो तसाच पडून राहिला. छप्पर गेलं, झाडं उगवली.

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत जवळची.

पहिल्या महायुद्धानंतर विल्नियस आणि त्राकाई पोलंडकडे गेले आणि लिथुआनियाने हे कधीच मान्य केलं नाही. दोन्ही देशांत राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते. १९३० हे विताउतासच्या मृत्यूचं पाचशेवं वर्ष. लिथुआनियात ते गावोगाव साजरं झालं, पण ज्या त्राकाईत तो वारला ते बंद सीमेच्या पलीकडे होतं. अवशेष सावरण्याचं काम त्या काळात पोलंडचे वास्तुतज्ज्ञ करत होते. मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्यानंतर सोव्हिएत राजवट.

आणि तरीही नेमक्या याच राजवटीत किल्ला उभा राहिला. १९५० च्या दशकात काम जोरात सुरू झालं. उत्खनन झालं, जुनी रेखाटनं आणि नोंदी तपासल्या गेल्या, वास्तुविशारद ब्रोन्यूस क्रूमिनिस यांच्या आराखड्यानुसार राजवाडा वर चढत गेला. हजारो लोक देशोधडीला लागलेले, सैबेरियात धाडलेले, घराघरांत भीती, आणि त्याच वेळी आपल्या महाड्यूकचा वाडा विटेवर वीट चढून वर येतोय. लोकांना काय वाटलं असेल, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो. १९६० च्या अखेरीस खुद्द सोव्हिएत सर्वेसर्वा क्रुश्चेव्हने त्यावर टीका केली. सरंजामी काळाचा गौरव करण्यावर पैसा का घालवता, असा रोख होता. काम मंदावलं, पण तोवर राजवाडा जवळजवळ तयार होता. १९६२ मध्ये त्यात संग्रहालय सुरू झालं. पुढच्या चौकाचं काम त्यानंतर कित्येक वर्षं रेंगाळत होत राहिलं.

रायगडावर राजवाड्याचे चौथरे पाहताना ‘हे परत बांधावं का’ हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांनी स्वतःला विचारलेला असतो. मी आजवर ‘नको’ म्हणणाऱ्यांत होतो. पडक्या दगडांचा खरेपणा नव्या बांधकामाला येत नाही, असं मला वाटायचं, आणि जिथे पुरावा तोकडा असेल तिथे अजूनही वाटतं. त्राकाईत मात्र मला दिसलं की पुराव्याला धरून आणि इतक्या तळमळीने परत बांधलेली भिंतसुद्धा खरी असते. ती १४०९ ची साक्ष पूर्णपणे देत नसेल, पण १९५० च्या दशकातल्या लोकांची साक्ष नक्की देते. नव्या विटांना मी नकली म्हणणार नाही.

परतताना कारायमू रस्त्यावरून चाला. विताउतासने चौदाव्या शतकाच्या शेवटी क्रिमियातून कारायिम लोकांना इथे आणून वसवलं. किल्ल्याची राखण त्यांच्याकडे होती. त्यांची भाषा तुर्की कुळातली, धर्म तोरा या ज्यू धर्मग्रंथावर आधारलेला, पण तालमुद हा नंतरचा ज्यू ग्रंथ न मानणारा. सहा शतकांनंतरही थोडी कुटुंबं त्राकाईत टिकून आहेत. त्यांची रंगीत लाकडी घरं रस्त्याला काटकोनात उभी, दर्शनी भिंतीला तीन खिडक्या: एक देवाची, एक घरच्यांची, एक विताउतासची, असं सांगतात. जवळच त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, त्याला केनेसा म्हणतात. आणि किबिनाय खाल्ल्याशिवाय निघू नका. बारीक कापलेलं मटण आणि कांदा भरून भाजलेली ही चंद्रकोरी पेस्ट्री गरमच खावी, आतला रस सांडू न देता.

वेळ उरला तर केस्तुतिसचा भूशिरावरचा पहिला किल्लाही पाहा. गर्दी तिथे फिरकत नाही. तोही मॉस्कोबरोबरच्या त्याच युद्धात पडला होता, पुढे त्या आवारात डॉमिनिकन संन्याशांचा मठ झाला. तो बेटावरच्यासारखा पूर्ण बांधून काढलेला नाही, काही बुरूज आणि तट तेवढे सावरून ठेवले आहेत. बेटावरचं सगळं पाहून झाल्यावरच तिकडे जा, म्हणजे बांधणाऱ्यांना सुरुवातीला हाताशी काय मिळालं होतं आणि त्यातून त्यांनी काय उभं केलं, हे नीट समजतं.