काम होण्याआधी ओटीपी देऊ नका: माझा साउंडबारचा अनुभव

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, कुठला घ्यावा, असं कुणी ना कुणी विचारतंच. मी आधी एवढंच विचारतो, घराला स्लॅब आहे की कौलं?

गोव्यात डिचोलीकडचं आमचं घर जुनं. चिऱ्यांच्या भिंती, वर उतरती कौलं. दुकानात ५.१.२ लिहिलेल्या बारची खूप तारीफ चालली होती. त्यातले पाच म्हणजे समोरचे, बाजूचे आणि मागचे आवाज, एक म्हणजे खालचा दणका देणारा सबवूफर, आणि शेवटचे दोन म्हणजे वर तोंड केलेले स्पीकर. ते छतावर आवाज टाकतात आणि तो परत खाली आपल्यापर्यंत येतो, म्हणून डोक्यावरून विमान गेल्यासारखं वाटतं. पण त्यासाठी छत सपाट आणि बेताच्या उंचीचं लागतं. कौलांच्या उतारावरून आवाज भलतीकडे जातो. त्या दोन स्पीकरांचे पैसे आम्हाला फुकट गेले असते. साधा ५.१ घेतला आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

जोडणीत काही अडलं नाही. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय, त्यातच वायर घालायची, कारण टीव्हीचा आवाज बारकडे तिथूनच जातो, आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एका रिमोटने दोन्ही चालवायची सोय, चालू करायचं. हेच सीईसी सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिमलिंक आणि सोनीवर ब्राव्हिया सिंक या नावाने सापडतं. मागचे स्पीकर वायरलेस म्हणून विकतात, पण बहुतेक सेटमध्ये त्यांनाही विजेचा प्लग लागतोच. जुन्या घरात मागच्या भिंतीला सॉकेट नसतो, तेव्हा आधी वायरमनला बोलवा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो. आदल्या चवथीला घेतलेला सेट, वॉरंटी एक वर्षाची. ऐन पावसात सबवूफर मुका झाला. मागचा दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. बार चालू, मागचे स्पीकर चालू, खालचा दणका गायब. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. टेक्निशियन आला, उघडून बघितलं, म्हणाला, "पॉवर बोर्ड गेलाय, मुंबईहून मागवावा लागेल." इथवर तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग निघताना त्याने विचारलं, "साहेब, मोबाइलवर एक कोड आला असेल, तेवढा सांगा."

मेसेज उघडला. काम समाधानकारक झाल्यावरच हा कोड द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी म्हटलं, काम कुठे झालंय? तो म्हणाला, "आज तक्रार बंद केली नाही तर मला वरून फोन येतो. पार्ट आला की नवीन तक्रार उघडू." त्या मुलाची अडचण मला कळत होती. त्याच्या कामाचा हिशेब बंद केलेल्या तक्रारींवर होत असेल, तर तो तरी काय करणार? पण माझी वॉरंटी चवथीला संपणार होती. आजची तक्रार बंद झाली आणि पार्ट चवथीनंतर आला, तर नवीन तक्रार वॉरंटीबाहेरची ठरली असती आणि बोर्डाचे पैसे माझ्याकडून गेले असते. कोड दिला नाही.

पुढे जे झालं त्याचा संताप अजून जात नाही. मेसेज आला, 'ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार रद्द.' मी घरातच होतो! फोन केला की नवीन माणूस, नवीन तक्रार क्रमांक, आणि सुरुवात पहिल्यापासून: टीव्ही बंद करून चालू करा, सबवूफरचा प्लग काढून घाला. आधीच्या टेक्निशियनने बोर्ड गेल्याचं सांगितलंय, हे त्यांच्या स्क्रीनवर कुठेच नसायचं. शेवटी सबवूफर गाडीत घालून पणजीला सर्व्हिस सेंटरवर नेला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ही घरी येऊन करायची तक्रार आहे, इथे घेता येत नाही." मी म्हटलं, घेऊ नका, पण आजची तारीख, सिरीयल नंबर आणि बिघाड लिहून जॉबशीट द्या. बराच वेळ आत-बाहेर झालं, पण ती मिळाली. तो एक कागद पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

घरी येऊन कंपनीला ईमेल केला. बिल, सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो, रद्द झाल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, जॉबशीट, सगळं जोडलं. पहिली तक्रार वॉरंटीत नोंदली गेली आहे हे लेखी कळवा, एवढीच मागणी केली. उत्तर आलं नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली. ती तिथून कंपनीकडे जाते. त्यानंतर मात्र कंपनीचा फोन स्वतःहून आला. चवथ उलटून गेली होती, तरी बोर्ड वॉरंटीतच बदलून मिळाला. त्याच टेक्निशियनने जुना बोर्ड हातात दिला, त्यावरच्या एका कपॅसिटरचं सपाट डोकं फुगून वर आलं होतं. सबवूफरचा दणका माझ्या कानांनी ऐकला आणि मगच कोड सांगितला. एक पैसा द्यावा लागला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

स्टिकरचा फोटो खोका उघडल्याच दिवशी काढा, नंतर अवजड सबवूफर उलटा करत बसावं लागतं. दुकानदाराला वॅट विचारण्याआधी विचारा की सर्व्हिस गोव्यात आहे का आणि पार्ट कुठून येतात. वळवाचा गडगडाट सुरू झाला की सगळे प्लग काढून ठेवा, नुसता रिमोटने बंद करून भागत नाही. विजेच्या दाबाने झालेला बिघाड बऱ्याच वॉरंटींत धरत नाहीत.

बाकी सेटवर मी खूश आहे. कौलांवर पाऊस कोसळत असताना सिनेमातलं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा व्हॉइस मोड खरोखर कामाला येतो. आई झोपली की नाइट मोड, त्यात मोठे आवाज दबतात आणि बारीक उठतात. सबवूफर कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढून रबरी मॅटवर ठेवला, तेव्हा शोकेसच्या काचा वाजायच्या थांबल्या. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची असतील तर सराउंड बंद करा. ती मोनोतली, म्हणजे डावा-उजवा असा भेद नसलेली आहेत, चारी बाजूंना पसरवली की आवाज पोकळ होतो. साध्या स्टँडर्ड मोडवर त्यांची तान सरळ समोरून येते.