पांढरा घोडा, तांबडा बैल

वडील पेंटर होते. नांदेडात दुकानांच्या पाट्या, निवडणुकीत भिंती, आणि मार्गशीर्ष तोंडावर आला की माळेगावच्या यात्रेला निघालेल्या पाळणेवाल्यांची कामं. रहाटपाळण्याच्या डब्यांवर मोर, मौत का कुआँच्या पत्र्यावर वाघ, आणि लहान पोरांच्या चक्रीचे बारा लाकडी घोडे. घोड्यांच्या शेपटीची किनार माझ्याकडं असायची. त्यापायी शाळा बुडायची आणि आईच्या शिव्या आम्हा दोघांना सारख्या वाटून मिळायच्या.

एका वर्षी चक्रीवाला म्हणाला, "पेंटर, औंदा समदेच घोडे पांढरे करा." पोरं पांढऱ्यासाठी भांडायची, काळ्या-तपकिरीवर बसायलाच तयार नसायची. माळेगावात दुसरं काय होणार? खंडोबाचा घोडा पांढरा. पोरगं कपाळाला भंडारा लावून थेट चक्रीवर आलेलं. वडील म्हणाले, "समदे पांढरे केल्यावर देवाचा कोणता, हे पोरांला कसं कळायचं?" पण पैसा चक्रीवाल्याचा होता. दोन दिवसांत बाराही पांढरे झाले.

पुढं कधीतरी वाचलं, की कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या चक्रीचीही हीच कथा. 1955 साली उघडली तेव्हा घोडे रंगीबेरंगी होते, आणि 1975 साली सगळे पांढरे करून टाकले, कारण प्रत्येक पोराला पांढराच हवा होता. मला फार हसू आलं. तिकडं खंडोबा नाही, तरी हट्ट तोच.

आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे. सोबत फायबरच्या पुतळ्यांना रंग द्यायची कामंही घेतो, म्हणून ह्या 'थीम' प्रकरणाशी संबंध येतो. माझं मत विचाराल तर लहान मुलांच्या कोपऱ्यातली थीम मुलांसाठी नसतेच. डिस्नेलँडमधला उडणारा हत्ती 1941 च्या सिनेमातला. तो सिनेमा शाळकरी वयात पाहिलेली पोरं 1955 सालापर्यंत आई-बाप झालेली. आपल्याकडं खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका उघडलं, त्यात 1987 च्या 'मिस्टर इंडिया'वर राइड! तेव्हाच्या सहा वर्षांच्या पोराला मोगँबोचं काय घेणं-देणं? ते बापाला. आणि तिकीट बाप काढतो.

मागच्या वर्षी लातूर रोडवरच्या एका कृषी पर्यटनवाल्याचं काम आलं. 'जुनं गाव' अशी थीम. विहीर, मोट, जातं, चूल, बैलगाडी, सगळं फायबरचं. कॅटलॉगमधून आलेली बैलजोडी म्हणजे लांब शिंगांचे पांढरेशुभ्र खिलार. मी म्हटलं, शेठ, आपल्याकडचा बैल हा नव्हं. आपला लाल कंधारी, तांबडा. कंधार तर इथं शेजारी! तिकडं देवणीला गेलात तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. ते म्हणाले, "पण लोकांना बैल म्हटलं की पांढराच दिसतो ना." शेवटी तडजोड झाली: एक पांढरा, एक तांबडा. अशी जोडी कुठल्या शेतकऱ्यानं जुंपली असती देव जाणे. पण तांबड्यावर मी जीव ओतला. मानेवर गडद, पोटाखाली फिकट, नाकपुडीला ओलसर चमक.

उद्घाटनाला आई आणि सहा वर्षांची लेक, दोघींना नेलं. जात्यापाशी ही रांग! पोरं खुंटा धरून गरागरा फिरवतायत, आया मोबाइल धरून "अजून एकदा, इकडं बघ" करतायत. एक ताई भरल्या गळ्यानं सांगत होती, किती सुंदर दिवस होते ते. तिचं वय पस्तिशीच्या आतलं, तिनं पिठाची गिरणीच पाहिलेली असणार. आईनं जवळ जाऊन जात्याच्या तोंडात बोट घालून बघितलं. ते बंद होतं.

"आम्ही पहाटं चारला उठून दळायचो," ती मला म्हणाली, "हातं सोलून निघायची. आन ही पोरं तिकीट काढून दळायलीत."

मग मात्र तीच तिथं खाली बसली. नातीला शेजारी घेतलं, खुंट्यावर तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि एका लयीत फिरवायला लागली. मागच्या रांगेची तिला फिकीर नव्हती. मी दोघींच्या चपला हातात धरून बाहेर उभा. माळेगावात चक्रीभोवतीच्या दोरीपलीकडं वडील माझ्या चपला धरून असेच उभे राहायचे.

बैलगाडीपाशी गेल्यावर लेकीनं तांबड्याकडं बोट दाखवलं. "बाबा, ह्याला ऊन लागलं का?" आणि जाऊन पांढऱ्यावर बसली.

दिवाळीनंतर बिलाची राहिलेली रक्कम आणायला गेलो, तर तांबडाही पांढरा झालेला. दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतला असावा. प्रायमर न मारताच रंग चढवलाय, पोटाखाली आणि खुरांपाशी पोपडे उडालेत. तिथून तांबडा दिसतो.