माझ्या कादंबरीतली बंडी, रेचा आणि एक गुपित

मागच्या दिवाळीपासून मी एक कादंबरी लिहून राहिली आहे, म्हणजे मोबाईलच्या नोट्समध्ये, एका बोटानं, रात्री भांडी आवरल्यावर. ऐतिहासिक प्रेमकथा. घरात कोणाला सांगितलं नव्हतं कारण काय होईल ते माहीत होतं आणि तेच झालं, नवऱ्यानं पहिलाच प्रश्न विचारला, राजा कोणता?

राजा नाहीच आहे बावा. एका वाचनाच्या ग्रुपवर पहिली तीन प्रकरणं टाकली तर तिथंही तेच, छान आहे ताई पण वाडा कुठाय, पैठणी कुठाय, नथ कुठाय. ऐतिहासिक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पुणं येते आणि घोड्यावरचा एखादा सरदार येते. माझ्या नायिकेकडं दोन लुगडी आहेत आणि त्यातल्या एकाला दांड घातलेला आहे. नायकाकडं बंडी, म्हणजे बैलगाडी आहे आणि बैलजोडी आहे, त्यातला एक बैल मारका. आता यात नथ कुठं घालू?

माझी गोष्ट 1869-70 ची आहे, खामगावजवळच्या एका खेड्यातली. हेच साल का घेतलं तर त्या दहा वर्षांत आपल्याकडं जे झालं ते कोणत्याही राजाच्या लढाईपेक्षा कमी नव्हतं. वऱ्हाड 1853 मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. मग 1861 ते 65 तिकडं अमेरिकेत आपसातलं युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या पऱ्हाटीला एकदम सोन्याचे दिवस आले, युद्ध संपलं तसा भाव धाडकन खाली. (भावाचं रडगाणं आजचं नाही हे लिहिताना मला उगाच बरं वाटलं.) 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली आणि 1870 ला जलंबवरून खामगावला 13 किलोमीटरचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला होता. म्हणजे तोपर्यंत खामगावच्या बाजारातला कापूस बंड्यांवर लादून मेन लाइनच्या स्टेशनपर्यंत न्यावा लागे. माझा नायक हेच काम करतो. सगळा मुलूख आगगाडी पाहायला धावून राहिला आहे आणि हा माणूस बाजूला बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा, कारण त्याचं भाडं आजपासून बुडलं. हा सीन मला सगळ्यात आधी सुचला होता, बाकीची कादंबरी मी त्याच्या मागंपुढं जोडत गेली.

चुका तर इतक्या केल्या की विचारू नका. पहिल्या प्रकरणात नायिका सोयाबीन निंदत होती. सोयाबीन! आपल्या बापाच्या काळात आलेलं पीक. मग पाहुण्यांना चहा दिला, तोही काढला, तेव्हा खेड्यात कोणाच्या चुलीवर चहा होता. कंदिलाच्या जागी करडईच्या तेलाचा दिवा आणला. आणि माझ्या जावेचा एकच हट्ट, शेगाव इतकं जवळ आहे तर एका प्रकरणात महाराज दाखव. अगं, गजानन महाराज शेगावात प्रकट झाले 1878 ला, माझी गोष्ट आठ वर्षं आधीच संपते. ती म्हणे मंग गोष्ट आठ वर्षं लांबव.

पण हे सगळं वरवरचं. खरा घोळ प्रेमाचा होता. त्या काळात पोरीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकून जाये. प्रेमकथा म्हटली की दोन मोठी, समजदार माणसं लागतात, त्यांनी एकमेकांना पाहायला पाहिजे, पसंत करायला पाहिजे, नाही म्हणायची सोय पाहिजे. 1869 च्या वऱ्हाडात असं कोणाला मिळत होतं? लहान पोरीची प्रेमकथा मी लिहिणार नव्हती, ते मनालाच पटलं नाही. महिनाभर फोनला हात लावला नाही.

सोडवलं मोठ्या मायनं. मोठी माय म्हणजे माझी आजेसासू, ऐंशीच्या वर आहे, कान तिखट. एका दुपारी वाती वळत बसली होती, मी सहज तिला सगळं सांगितलं. ती वात वळताच वळता म्हणे, "अवं, मंग तिले पाटाची कर ना."

पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न! हे मला कसं नाही सुचलं. बामणांच्या घरात विधवेला दुसरं लग्न नव्हतं, त्यासाठी 1856 चा कायदा करावा लागला, पण कुणबी-माळ्यांत बाईचा पाट लागायचा, कायद्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे माझी गोदा आता बावीस वर्षांची आहे, लहानपणी लग्न झालं, नवरा पटकीत गेला, सासऱ्याच्या घरी राबते, आणि आता ती पाहू शकते, पसंत करू शकते, नाही म्हणू शकते. मोठी माय पुढं सांगत गेली. तिच्या बापाच्या आत्याचा पाट लागला होता. "पाट रातचा लागे. ना वाजंत्री, ना मांडव. सवाशिणीनं तिचं तोंड पाहू नाई म्हणत. लगन दिवसाचं अन् पाट अंधाराचा."

आणि गुपित का ठेवायचं याचं उत्तरही इथंच निघालं. पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या वावरावर बाईचं काही राहत नसे. त्या 1856 च्या कायद्यातही तेच लिहिलेलं आहे, पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क गेला. म्हणजे गोदाचं मन कुठं लागलं आहे हे दिराला आधी कळलं तर तो तिला तसंच हाकलून देईल, हातात काही नाही. इंग्रजी प्रेमकथांमध्ये इज्जतीपायी गुपित ठेवतात, माझ्या गोदाला इज्जतीसोबत पायली-दोन पायली ज्वारीचाही हिशोब करावा लागतो.

आता निरोप कसा न्यायचा? मी आधी पत्रं लिहिली होती, लय सुंदर, दोन-दोन पानांची. टपाल होतं ना तेव्हा, 1854 पासून अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचं पत्र देशात कुठंही जात होतं. पण लिहिणार कोण आणि वाचणार कोण? शाळेच्या मास्तरकडून लिहून घेतलं तर मास्तरला कळलं, तिकडं वाचून घेतलं तर अख्ख्या पारावर कळलं. मग वाटलं तिची मैत्रीण साळू शिकलेली दाखवावी. अशी बाई अगदीच अशक्य नव्हती, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 1850 च्या, 1882 ला त्यांनी स्त्री-पुरुष तुलना लिहून भल्याभल्यांना धुतलं. पण त्यांना बापानं घरी शिकवलं होतं, बाप साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क. माझ्या साळूचा बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. खोटं वाटलं असतं. पत्रं सगळी डिलीट केली, जीव तुटला पण केली.

मग पत्राचं काम साळूकडंच आलं. मी दोघींना एका रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या हातयंत्रावर बसवलं, एकीनं दांडा फिरवायचा, एकीनं कापूस लावायचा, रुई पुढं जाते आणि सरकी अलीकडं टपटप पडते. मोठ्या मायच्या माहेरी कोठ्यात एक मोडका रेचा पडलेला होता, लहानपणी त्या पोट्ट्या त्याच्यावर खेळत. ती म्हणे तो असा कुरकुरे की शेजारचं बोलणं आयकू येत नसे. झालं! सासू दोन हातांवर बसली आहे आणि या दोघी तिच्यासमोर बोलतात, फक्त दांडा फिरत असेपर्यंत. दांडा थांबला की वाक्य अर्धं. मी ते प्रकरण तसंच लिहिलं आहे, अर्ध्या-अर्ध्या वाक्यांचं, आणि स्वतःचं सांगायचं नसते पण ते बरं जमलं आहे.

साळूचं मात्र वाईट वाटते. ती निरोप नेते, बंडीवाल्याला उलटसुलट प्रश्न विचारते, दारू पितो का, मारका बैल विकत का नाही, आधीच्या बायकोचं काय झालं. गोदानं विचारायला पाहिजे ते सगळं हीच विचारते. अर्धं प्रेम तर तिच्याच तोंडून होते. आणि शेवटी पाटाच्या रात्री तिलाच तिथं जाता येत नाही कारण ती सवाशीण. सगळं जमवून आणलं आणि हिनं घरात दार लावून बसायचं. मी हे लिहिताना रडली, हसू नका.

मला वाटलं साळू कुडाच्या फटीतून पाहील. मोठी माय म्हणे, "नाई पाहणार. पाहिलं अन् तिचंच काही झालं तं जलमभर सोताले दोस देईन." बरोबर आहे. आपल्याला आज ते खुळचट वाटते पण साळू आजची नाही.

मग भुलाबाई आठवली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणत जातात आणि शेवटी खिरापत ओळखायची, ज्यांच्या घरची खिरापत ती पोरगी बंद डबा हलवून दाखवते, बाकीच्यांनी आवाजावरून सांगायचं, आंबट का गोड, दाणे का फुटाणे. आम्ही दहावीपर्यंत खेळलो. माझी एक मैत्रीण होती, ती डब्यात मुद्दाम कापड कोंबून आणायची म्हणजे आवाजच येऊ नये, तिची खिरापत कोणालाच ओळखू यायची नाही, फक्त मला यायची कारण ती मला आदल्या दिवशी शाळेत सांगून ठेवायची. आता ती परतवाड्याकडं दिली आहे, फोन असतो कधीमधी.

तर शेवटच्या प्रकरणात साळू एक बंद डबा पाठवते. तेव्हा स्टीलचे डबे कुठले, पितळेचा. गोदा अंधारात बंडीवर बसते, बैल निघतात आणि ती डबा कानाशी धरून हलवते. एवढ्यावर कादंबरी संपते.

काल रात्री हे मोठ्या मायला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं झोपली. मग म्हणे, "डब्यात काय व्हतं?"

म्हटलं, ते मी लिहिलंच नाही, ठरवलंच नाही.

"ठरव बाई. अन् मुरमुरे नको टाकजो. बंडीच्या खडखडाटात मुरमुऱ्याचा आवाज तिले काय आयकू येते."