नील बेटावर मुलांना घेऊन जाताना

अंदमानातलं नील, म्हणजे 2018 पासूनचं शहीद द्वीप. इथला दिवस भरती-ओहोटी बघूनच आखा. भरतपूरच्या किनाऱ्यावर डुंबायचं ते भरतीलाच. ओहोटीत प्रवाळ उघडा पडतो आणि पोरांचे तळवे सोलून निघतात. चपला पाण्यात निसटतात, म्हणून मागे पट्टा असलेले रबरी सँडल घ्या.

लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलाचं नेमकं उलटं: तिथे ओहोटीच हवी. शेवाळी दगडांमधल्या डबक्यांत काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ समुद्री प्राणी) पडलेल्या दिसतात. बघा, हात लावू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका.

डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो; सूर्यास्त बघायचा तर साडेचारला किनाऱ्यावर हवं. मेलेला प्रवाळही उचलून आणू नका, त्याला बंदी आहे.