बेरीज आधी, रकमा नंतर

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत काम करणाऱ्या एका लहान बांधकाम कंपनीत मी एस्टिमेटर आहे. नकाशा हातात आला की लाकूड किती, प्लास्टरच्या शीट किती, फरशी किती चौरस मीटर, याची मोजणी करायची, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनकडून दर मागवायचे आणि तळाशी बेरीज मांडून कागद मालकांच्या टेबलावर ठेवायचा, हे माझे काम. कराडच्या पॉलिटेक्निकातून सिव्हिलचा डिप्लोमा घेतल्यापासून देश बदलला, मापे बदलली, पण आधी रकमा आणि मग बेरीज हा क्रम कधी बदलला नव्हता. तो पहिल्यांदा उलटा झाला १८ डिसेंबर २०२० या दिवशी.

त्या वर्षी ४ जूनला केंद्र सरकारने ‘होमबिल्डर’ योजना जाहीर केली होती. कोविडमुळे नव्या घरांची मागणी आटेल आणि सुतार-गवंड्यांपासून लाकडाच्या वखारींपर्यंत सगळे बसून राहतील, या भीतीने स्वतः राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला किंवा राहत्या घराचे मोठे नूतनीकरण करणाऱ्याला २५,००० डॉलर देण्याची ती योजना होती. अर्जदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक हवा, एकट्याचे करपात्र उत्पन्न १,२५,००० डॉलरच्या आणि जोडप्याचे २,००,००० डॉलरच्या आत हवे, अशा अटी होत्या आणि त्या समजण्यासारख्या होत्या. नूतनीकरणाची अट मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकत होती : करार किमान १,५०,००० डॉलरचा हवा. आपल्याकडे घरकुलाचे अनुदान ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याच्यासाठी असते. इथे दीड लाख खर्च करण्याची ऐपत दाखवली तरच सरकार पंचवीस हजार देणार होते. नोव्हेंबरच्या अखेरीस योजनेची मुदत मार्चपर्यंत वाढली, पण १ जानेवारीपासून रक्कम १५,००० वर येणार असल्यामुळे ज्याला त्याला ३१ डिसेंबरच्या आत सही करायची होती. त्यातून आमच्या धंद्यात नाताळाच्या आधीच्या शुक्रवारी साइट बंद होतात आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत सुताराचे तोंड दिसत नाही. १८ तारखेचा शुक्रवार हा असा शेवटचा शुक्रवार होता.

सकाळी साडेनऊला मूळचे मिरजेचे एक काका-काकू आले. काकांनी ट्रॅम चालवण्यात उभी हयात घालवली. सनशाइन या उपनगरात त्यांचे साठच्या दशकातले वेदरबोर्डचे, म्हणजे लाकडी फळ्यांच्या भिंतींचे, जुने घर आहे. काकांच्या आई पंच्याऐंशीच्या पुढे असून वॉकर धरून चालतात, आणि त्यांच्या न्हाणीघराला उंबरा आहे. उंबरा नसलेले, भिंतीला आधाराच्या दांड्या असलेले न्हाणीघर, त्याला लागून आजींची खोली आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघराची वाढ, एवढे काम त्यांना हवे होते. जुन्या न्हाणीघराच्या भिंतींत ॲस्बेस्टॉसची शीट निघाली होती, ती परवानाधारक माणसाकडून काढून घ्यायची होती. सगळे धरून माझी बेरीज १,२१,४०० डॉलर झाली होती.

काकांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “अगं, एक विचारतो, राग मानू नकोस. कागदावर दीड लाख दाखवता येतील का? ग्रँट आली की वरचे आपण नंतर बघून घेऊ.”

काकूंनी मान खाली घातली. मी काकांना सांगितले की करार खऱ्या किमतीचा असावा लागतो, किंमत बाजारभावाला धरून आहे हे बिल्डरला दाखवून द्यावे लागू शकते आणि असा कागद केला तर आमचा परवाना आणि तुमची ग्रँट दोन्ही जाईल. ते लगेच म्हणाले, “बरोबर आहे, विसर ते. सगळे विचारतात म्हणून विचारलं.” सगळे विचारतात हे खरे होते. त्या डिसेंबरात मला असे विचारणारे ते चौथे होते, आणि आधीचे तिघे मराठीही नव्हते, भारतीयही नव्हते. सरकारने दीड लाखावर एक रेघ ओढली होती आणि त्या रेघेच्या अलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येक प्रामाणिक माणसाला उडी मारून पाहावीशी वाटत होती.

मग मालक आत आले. त्यांचे आईवडील इटलीतून आलेले, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी बांधायचे म्हटले की ते पुढे होऊन बोलतात. त्यांनी माझा कागद घेतला, बेरजेखाली रेघ मारली, तिच्याखाली १,५०,००० लिहिले आणि मला म्हणाले, आता वर जा आणि या घराला खरोखर कशाची गरज आहे ते शोध.

राग आला, कारण ते शोधायची मला गरज नव्हती. नोव्हेंबरात मी माप घ्यायला गेले होते तेव्हा काकूंनी परसातल्या झाडाची लिंबे आणून ओट्यावर ठेवली होती. त्यांतले एक खाली पडले आणि स्वयंपाकघरातून निघून, दाराच्या चौकटीला वळसा घालून, थेट बोळाच्या टोकाच्या भिंतीशी जाऊन थांबले. आम्ही तिघेही ते लिंबू पाहत होतो आणि कुणी काही बोललो नाही. त्या घराखालचे रेड गमचे लाकडी स्टंप, म्हणजे ज्या खुंटांवर अख्खे घर उभे असते ते, कुजले होते. सगळे काढून काँक्रीटचे घालायचे तर १९,२०० डॉलर. त्यांच्याकडे गृहकर्जात आगाऊ भरलेल्या पैशांतून परत काढता येतील असे एकूण १,३०,००० होते, म्हणून मीच ते काम यादीतून वगळले होते आणि “पुढेमागे करा” एवढेच म्हटले होते. आता ते यादीत आले. त्याच्याखाली जुन्या फ्यूजबोर्डासकट सगळी वायरिंग, ६,४००. त्याच्याखाली आजींच्या खोलीच्या आणि बोळाच्या खिडक्या, ३,९००. नवी बेरीज १,५०,९०० झाली.

मालक म्हणाले, नऊशेच वर आहेत, काम चालू असताना काही वगळले गेले तर दीड लाखाच्या खाली येऊ. काहीही कमी करायचे नाही हे यांना नीट समजावून सांग. ते समजावताना हिशेबाची दुसरी बाजू माझ्या लक्षात आली. वरवर पाहता २९,५०० डॉलरचे जास्तीचे काम काका-काकूंना अवघ्या ४,५०० डॉलरला पडत होते. परंतु नूतनीकरणाची ग्रँट मिळायची ती कराराचे किमान दीड लाख बिल्डरला दिल्यानंतर. आमच्या करारात शेवटचा हप्ता दहा टक्क्यांचा, म्हणजे १५,०९० डॉलरचा असतो. तो देण्याआधी त्यांनी भरलेले असणार होते १,३५,८१० डॉलर. याचा अर्थ शेवटची चावी हातात पडल्याशिवाय दीड लाखाची रेघ ओलांडलीच जाणार नव्हती, आणि तोवर कर्जातून निघणाऱ्या रकमेच्या वरचे २०,९०० डॉलर त्यांनाच कुठून तरी उभे करायचे होते. हे पैसे जाहिरातीत दिसत नव्हते. काका म्हणाले, मुलाकडून घेऊ. काकू म्हणाल्या, “त्याच्याकडून मागायला लागणार, म्हणूनच एवढी वर्षं लाद्या तडकल्या तरी बदलल्या नाहीत आपण.” दोघांनी दुपारी फोन करतो म्हणून निरोप घेतला.

ते गेल्यावर अर्ध्या तासाने मेल्टनहून एका बाईंचा फोन आला. त्या नर्स होत्या, एकट्या राहत होत्या. शॉवरच्या तळाखालून पाणी मुरून पलीकडच्या खोलीची जमीन फुगली होती. मी अंदाजे आकडा सांगितला : ३८,००० च्या आसपास. त्यांनी होमबिल्डरविषयी विचारले. दीड लाखाची अट सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या की एवढे असते तर तुमच्याकडे ग्रँटचे विचारले नसते. मी त्यांचे नाव आणि नंबर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्याला लावला.

जेवणाच्या वेळी वाद झाला तो या चिठ्ठीवरून. आमच्याकडे नकाशे काढणारी मुलगी म्हणाली की ज्या नर्सने वर्षभर कोविड वॉर्डात काम केले तिच्या न्हाणीघराला सरकारकडे पैसे नाहीत आणि ज्याच्याकडे १५,००,००० डॉलरपर्यंतचे घर आहे त्याच्या नूतनीकरणाला आहेत, याला काय म्हणायचे. स्विमिंग पूल, टेनिस कोर्ट आणि सौना यांना ही ग्रँट मिळणार नाही असे नियमांत लिहावे लागते, यावरूनच योजना कोणाकडे पाहून आखली आहे ते कळते, असेही ती म्हणाली. मला तिचे पटत होते. ग्रॅटन इन्स्टिट्यूटसारख्या सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था हेच मांडत होत्या की रोजगारच टिकवायचा असेल तर तो पैसा सामाजिक घरबांधणीत, म्हणजे गरजूंसाठीच्या स्वस्त भाड्याच्या घरांत, घाला, म्हणजे सुतारालाही काम मिळेल आणि रस्त्यावरच्या माणसाला छप्परही. आमच्या व्हिक्टोरिया राज्याने महिन्याभरापूर्वी, नोव्हेंबरातच, सामाजिक आणि परवडणाऱ्या घरांसाठी ५.३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला होता, त्यामुळे हे स्वप्नरंजन आहे असेही कुणी म्हणू शकत नव्हते.

मालकांनी सँडविच खाली ठेवले. एप्रिलात आमचे सहापैकी चार करार लोकांनी थांबवले होते, ते महिने त्यांनी मोजून दाखवले. सामाजिक घरबांधणीची निविदा निघून पहिला खड्डा खणेपर्यंत दोन वर्षे जातात आणि ती कामे मोठ्या कंपन्यांना मिळतात. माझ्या सुतारांना जुलैत पगार द्यायचा होता, तो होमबिल्डरमुळे दिला, असे ते म्हणाले. आणि सरकारने घाईने पैसे वाटले की काय होते हे मला शिकवू नका, २००९ च्या छप्पर-इन्सुलेशन योजनेत, म्हणजे छताखाली उष्णतारोधक थर बसवण्याच्या सरकारी योजनेत, चार तरुण कामगार मेले तेव्हा मी याच धंद्यात होतो; म्हणूनच या वेळी परवानाधारक बिल्डर आणि रीतसर करार यांची अट आहे ती मला चांगली वाटते, असेही त्यांनी सुनावले. यावर आमच्यापैकी कुणालाच चटकन उत्तर सुचले नाही. शिकाऊ मुलगा मात्र सहज म्हणाला, “पण सगळे एकाच महिन्यात सही करणार असतील तर लाकूड कुठून आणणार?” त्याचा प्रश्न कुणी फारसा मनावर घेतला नाही. मीही नाही, आणि माझे तर ते कामच होते.

मी त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलले, हे आज कबूल केले पाहिजे. सकाळी मी त्या अटीवर चिडले होते. पण त्याच अटीमुळे काकांच्या घराखालचे कुजके स्टंप निघणार होते, जे मी स्वतः त्यांची ऐपत पाहून वगळले होते. तत्त्वाच्या बाजूने बोलायला घेतले की ते बोळातून घरंगळत गेलेले लिंबू डोळ्यांसमोर यायचे, आणि योजनेच्या बाजूने बोलायला घेतले की फळ्यावरची पिवळी चिठ्ठी दिसायची.

दुपारी तीनला काकांचा फोन आला. मुलाने हो म्हटले होते. “आईला विचारलं,” ते म्हणाले, “ती म्हणाली, उंबरा काढा, बाकी तुमचं तुम्ही बघा.” साडेचारला त्यांनी सह्या केल्या. पेन खाली ठेवून काकूंनी मला विचारले की उद्या सरकारने ही योजनाच बंद केली तर. करार मुदतीत झाला आहे, अर्ज वेळेत करा, आता काम सुरू करायलाही सहा महिने मिळतात, असे मी सांगितले. ते सगळे खरे होते, तरी मुलाचे हातउसने परत करायची तारीख मी त्यांना सांगू शकत नव्हते.

पुढचे फार थोडक्यात सांगते. सरकारचा सुरुवातीचा अंदाज सुमारे २७,००० ग्रँट आणि ६८ कोटी डॉलरचा होता. १४ एप्रिल २०२१ ला अर्ज बंद झाले तेव्हा आकडा १,२०,००० च्या पुढे गेला होता आणि खर्च दोन अब्जांवर जाणार होता. त्यात नूतनीकरणे साधारण पाचातले एक, बाकी सगळी नवी घरे. घरबांधणीतल्या ज्या मंदीच्या भीतीने योजना आखली ती आलीच नाही आणि शिकाऊ मुलाचा प्रश्न मात्र आला. २०२१ च्या मध्यावर नव्वद बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे पाइन, म्हणजे घराच्या सांगाड्याचे रोजचे लाकूड, मागवले की वखारवाले आठवडे नव्हे, महिने सांगू लागले. आमचे करार ठरलेल्या किमतीचे असल्यामुळे वाढलेला दर गिऱ्हाइकाकडून घेता येत नव्हता. सप्टेंबरात तर राज्य सरकारने मेलबर्नमधली जवळजवळ सगळी बांधकामे दोन आठवडे बंद ठेवली. काकांचे काम वर्षअखेर संपले. ग्रँट त्यानंतर कित्येक आठवड्यांनी खात्यात आली आणि आली त्याच दिवशी मुलाकडे गेली. आजी आता वॉकरसकट न्हाणीघरात जातात. बोळातली जमीन सपाट आहे. काकूंनी मला बोलावून मुद्दाम एक लिंबू ठेवून दाखवले आणि ते जागचे हलले नाही. त्या कामात आमच्या कंपनीला लाकडात आणि प्लास्टरवाल्यांच्या वाढलेल्या मजुरीत साडेसोळा हजारांचा खड्डा पडला. मालकांनी तो काकांना कधी बोलून दाखवला नाही.

मेल्टनच्या बाईंना मी जानेवारीत रीतसर एस्टिमेट पाठवले होते : ३७,६०० डॉलर. थोडे साठले की कळवते, असे त्या म्हणाल्या होत्या. त्यांचा फोन २०२२ च्या मार्चमध्ये आला. तीच मापे, तीच फरशी, तोच शॉवर घेऊन मी पुन्हा मोजणी केली, या वेळी नेहमीच्या क्रमाने, आणि बेरीज ४६,९०० झाली. लाकूड का वाढले, टाइल्स लावणारे का मिळत नाहीत, हे मी शक्य तितके सरळ सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की बाकी सगळे राहू दे, नुसता शॉवरचा तळ बदलून दिला तर किती होतील.